खोली रिकामी करताना भेटलेले जोडपे

वंदना प्रकाश साळवे, तू गेलीस आणि तुझ्या डायलिसिससाठी दवाखान्याजवळ घेतलेली खोली मी आज रिकामी केली.

मित्रहो, माझ्या पत्नीची तीच खोली पाहायला कन्नड तालुक्यातले एक जोडपे आले होते. बाईंनाही तोच आजार. पायांना इतकी सूज होती, की चपलेचा पट्टा रुतला होता. शासकीय योजनेतून डायलिसिस मोफत होऊ शकते, एस.टी.तही सवलत मिळते, हे मी त्यांना सांगितले.

"नको, साहेब. कागद केले की गावभर होतं. पोरीची सोयरीक मोडंल," गृहस्थ म्हणाले. "म्हणून तर इथं खोली बघतोय."

"मग खर्च कसा भागवता?"

"डॉक्टरनं आठवड्याला तीनदा सांगितलंय. आम्ही एकदाच करतो."

बाई हसल्या. "लग्न होऊस्तोर टिकते की मी, भाऊ! हळद तर मलाच लावायचीय."

एवढे बोलतानाही त्यांना धाप लागली. खोली तळमजल्यावर आहे; एकही पायरी चढावी लागत नाही.

मुलीला हे ठाऊक आहे का, असे मी विचारले. गृहस्थांनी खोलीचे भाडे विचारले.

अशा कुटुंबाचे मन कोणी वळवले असेल, तर कसे, ते कृपया आजच कळवा. ते उद्या सामान आणणार आहेत.

मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत केल्या.