एकशे अठ्ठावीस रतल

"मन्हं आंग सोडीसन मी कोणावरबी भरोसा ठेवस नही," असं उखा पुंजू एकदा म्हणाला होता.

नंदुरबारच्या कापसाच्या जीनमध्ये नव्यानं आलेल्या एका कारकुनानं त्याला विचारलं होतं, की सरकारी छापाची लोखंडी वजनं कोपऱ्यात पडून असताना काटा तपासायला तुम्ही स्वतः का चढता? उखानं त्यातलं एक वजन पालथं केलं आणि बुडाशी असलेला शिशाचा ठिपका नखानं खरवडून दाखवला. वजनाला कोणीही खालून पोखरतो आणि भोक शिशानं बुजवून ठेवतो. माणसाला पोखरता येत नाही. कारकुनाला ते पटलं. ज्याला पटलं नसेल असा कोणी त्या जीनमध्ये नव्हता, कारण बावीस वर्षं तिथल्या गाठींचं वजन उखाच्या तोंडून निघत होतं.

तो मूळचा ब्राह्मणपुरीचा. विसाव्या वर्षी हमाल म्हणून आला, तिशीत मापाडी झाला. कापसाच्या गाड्या दुसऱ्या काट्यावर मोजल्या जात. उखाकडे फक्त प्रेसमधून दाबून निघालेल्या गाठी. रोज सकाळी पहिली गाठ यायच्या आधी तो जोडे आणि टोपी काढायचा, दांडीवरचं सरकतं वजन एकशे अठ्ठावीस रतलावर ठेवायचा आणि तक्त्यावर उभा राहायचा. दांडी सरळ राहिली तर ठीक. वर-खाली झाली तर बाजूचा पेच केसभर फिरवून तो ती सरळ करायचा. काटा धुळीनं जड होतो, थंडीनं आखडतो, मागे कोणीतरी त्याला हात लावून गेलेलं असतं. उखा मात्र एकशे अठ्ठावीसच होता.

बाकीच्या जगाशीही त्याचं असंच होतं. बाहेरचा चहा तो आधी हुंगायचा. त्याची बायको दगूबाई वारली तेव्हा वैद्यानं दिलेल्या पुड्या त्यानं दोन जागी नेऊन तपासून घेतल्या. त्यानंतर तो एकटाच रांधायचा, सकाळी दोन भाकरी टाकायचा आणि संध्याकाळी भूक नाही म्हणायचा. दोन वर्षांत बंडी सैल झाली, तेव्हा त्यानं शिंप्यावर डोळा ठेवला. कापड कमी घालणारा शिंपी त्याला समजत होता. जास्तीचं घालतो, तर ते कोणाच्या ठाणातलं घालतो?

सन सेहेचाळीसच्या फाल्गुनात जीनचे मालक शांतीलाल शेट यांना कराचीहून पत्र आलं. तिथल्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या एकशे चाळीस गाठी त्यानं पुन्हा मोजल्या होत्या. प्रत्येक गाठ सात रतल कमी भरली होती. मुंबईचे व्यापारी जीनचं वजन तसंच मान्य करत. हा पहिलाच पुन्हा मोजणारा निघाला. मंगळवारी चार वाजता तिथे तीन पंच बसणार होते. मापाड्यानं स्वतः येऊन आपलं वजन खरं करून दाखवावं, नाहीतर खोट्या मापाचा म्हणून त्याचं नाव कराचीपासून सुरतेपर्यंतच्या पेठांना कळवलं जाईल.

शेटजींचा पहिला संशय हमालांवर गेला. त्यांनी उखाला विचारलं, तेव्हा तो नुसतं म्हणाला, "भिलावर नजर ठेवा." का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भिला गाठी काट्यावर चढवायचा आणि हसायचा फार. त्या अर्ध्या वाक्यावर भिलाला दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर काढलं. नंतर उखाच्या लक्षात आलं, की चोर प्रत्येक गाठीतून नेमका सात रतल कापूस काढत नसतो. इतकी सारखी तूट म्हणजे कराचीचा काटाच खोटा. हे त्यानं शेटजींना सांगितलं. भिलाला परत बोलवा, हे सांगायचं राहून गेलं.

पत्र वाटेत रखडून रविवारी हातात पडलं होतं. आगगाडीनं मंगळवार गाठणं शक्य नव्हतं. शेटजींनी मुंबईला तार करून विमानाच्या दोन जागा घेतल्या. ते पूर्वी एकदा विमानात बसले होते आणि पुन्हा बसायला निमित्त शोधत होते.

मुंबईच्या गाडीत उखानं विचारलं, "शेट, आपलाकडथीन अमदाबाद इतलं जवळ. इमान तठेबी थांबस. मंग उलटं मुंबईले कसाले जावानं?"

"मुंबईमाच भरी जास ते. अमदाबादले जागा भेटी का नही, कोण सांगी?"

"भरी जास, तर मंग अमदाबादले थांबस कसाले?"

शेटजी खिडकीबाहेर पाहू लागले.

जुहूच्या विमानतळावर मंगळवारी सकाळी सहाला सामान मोजलं गेलं. उखाची पिशवी आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या, दोन्ही. मग तिथल्या कारकुनानं खुद्द उखालाच काट्यावर चढायला सांगितलं. शेटजी म्हणाले, इथे सगळ्यांनाच मोजतात. उखाला पहिल्यांदाच या लोकांत काही अर्थ दिसला. त्यानं जोडे काढले, टोपी काढली.

"काका, राहू द्या जोडे."

"जोडे माझ्यात येत नाहीत," उखा जपून शाळेतलं मराठी बोलला.

कारकुनानं काट्याकडे पाहून लिहिलं. "एकशे एकवीस."

"एकशे अठ्ठावीस."

"काका, मी विचारलं नाही. सांगितलं."

"तुमचा काटा सात रतल खोटा आहे."

"खोटा असता तर इतके दिवस विमानं उडाली असती का? उतरा, मागे लोक आहेत."

उखा उतरला आणि शेटजींकडे वळला. "ज्याले मन्हं वजन समजत नही, तो माले वर कसा उचली?"

शेटजींचं लक्ष नव्हतं. ते काट्यावर चढले होते आणि मागच्या खेपेपेक्षा दोन रतल कमी भरल्यानं खूश होते. सात हा आकडा त्यांच्या कानावरून गेला. उखाच्या कानात तो राहिला. त्यानं त्याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला: कराचीवाल्यानं इथल्या लोकांनाही हाताशी धरलं आहे. इतक्या लांबून, इतक्या लवकर, हे जमवणं अवघड होतं. पण अवघड आहे म्हणून कोणी करत नाही, असं उखानं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आत दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीला पट्टा. पांढऱ्या कोटातल्या माणसानं उखाच्या पोटावर तो आवळला.

"बांधी ठेवतस, शेट. म्हणजे लोके पळी जात व्हतीन."

"वर जाईसन तू पळशी कोठे?"

मग त्याच माणसानं तबकातून पेपरमिंट आणि कापसाचे बोळे आणले. पेपरमिंट उखानं बंडीच्या खिशात टाकलं. बोळा मात्र कानात न घालता त्यानं चिमटीत धरला, दोन्ही अंगठ्यांमध्ये हळूहळू ताणला, तुटला तिथे उजेडात पाहिला. "अर्धा इंचना धागा बी नही. हाऊ कापूस कानमाच घालाना." आणि घातला. त्या एका गोष्टीत तरी त्याला कोणी फसवलं नव्हतं.

विमान धावलं तेव्हा त्याला छातीवर गाठ ठेवल्यासारखं वाटलं. मग जमीन सुटली. त्यानं खुर्चीचे हात धरले. बराच वेळ तो खिडकीतून इंजिनाच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा फिरताना दिसत नव्हता, म्हणून तो फिरतो आहे यावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. खाली समुद्राची कड होती, पांढरी, शिवण उसवल्यासारखी. तासाभरानं शेटजींनी त्याचा दंड हलवला आणि कानाशी ओरडून सांगितलं, "तापी! देख, आपली तापी!"

"कशावरथीन?"

"सुरत शे ना ती! दुसरी कोणती व्हई?"

उखा काचेला नाक लावून पाहू लागला. प्रकाशा, सारंगखेडा इथे ज्या नदीत तो उभा राहिला होता, जिचं पाणी चढताना आणि उतरताना त्यानं पन्नास वर्षं पाहिलं होतं, ती खाली गढूळ तोंड उघडून समुद्रात शिरत होती. पुढे तिचा रंग थोडा वेळ वेगळा राहत होता, मग राहत नव्हता. ती तापी आहे याचा पुरावा त्यानं पुन्हा मागितला नाही. ती पंखाखाली गेल्यावरही तो मान वळवून मागे पाहत राहिला. शेटजी नंतर सांगत, की त्याच्या कपाळावरची नेहमीची संशयाची आठी त्या वेळी गेली होती. लहान मुलासारखा दिसत होता.

अमदाबादला विमान उतरलं आणि पुढे जाईना. कराचीला धुळीचं वादळ आहे, असं सांगण्यात आलं. उखानं आकाशाकडे पाहिलं. ते स्वच्छ होतं.

"धूळ आहे कशावरून?"

"तार आली आहे," तिथला माणूस म्हणाला.

"तार कोणी पाहिली?"

बाकावरचे लोक हसले. एक जाडा पारशी म्हणाला, "बावा, तू वकील केम नथी?" पत्र्याखाली ऊन तापू लागलं. दहा वाजले, अकरा वाजले. शेटजी घड्याळ काढायचे, ठेवायचे. चार वाजता पंच उठून गेले तर सगळंच बुडालं. चहा फुकट होता. उखानं तो घेतला नाही, त्यामुळे त्याचा वेळ आणखी हळू गेला. शेवटी तो उठला आणि सामानाच्या काट्यावर जाऊन उभा राहिला. तिथल्या माणसानं कंटाळून दांडी पाहिली. एकशे एकवीस.

"एकाच घरना काटा," तो परत येऊन शेटजींना म्हणाला. पण या वेळी आवाज बारीक होता.

बाराला विमान उडालं. आता खाली काहीच नव्हतं. पांढरी खारट जमीन आणि तिच्यावर विमानाची सावली. शेटजींनी बिस्किटं काढली, चार उखाच्या हातावर ठेवली.

"खाय रे. दगूबाई गई तवपाईन तू निम्मा व्हई गया."

"निम्मा नही," उखा म्हणाला. मग सैल बंडी चिमटीत धरून, "सात रतल."

इंजिनाच्या आवाजात आणि कानातल्या कापसात शेटजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानं विचारलं, काय? उखानं मान हलवली.

त्याला सगळं दिसलं होतं. तो वाळत गेला होता, आणि काटा दर सकाळी ते खरं सांगत होता. त्यानं दर सकाळी पेच फिरवून काट्याला गप्प केलं होतं. आज केसभर, परवा केसभर. दोन वर्षांत तेच सात रतल काट्यात मुरले आणि प्रत्येक गाठीच्या वजनात चढले. कोणी रात्री कुलूप काढून आलं नव्हतं. भिलानं काही नेलं नव्हतं. हे दिसल्यावरही तो शोधत राहिला, की कराचीचा काटा तरी खोटा असेल. एक तरी असावा.

कराचीच्या वखारीत ते पावणेचारला पोहोचले. तीन पंच सतरंजीवर बसले होते. मध्ये काटा, भोवती जीनच्या छापाच्या गाठी. शेटजींनी उशिराबद्दल माफी मागितली आणि उखाच्या कानाशी लागले, "हमालनी चोरी, इतलंच सांग. भिलाले काढेल शेच. आपलं नाव ऱ्हाई."

मुख्य पंच वयस्क सिंधी होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "मापाडी तुम हो? काँटा देख लो पहले."

उखानं तिथली छप्पन्न रतली वजनं एकेक करून पालथी केली, बुडं नखानं तपासली. कुठे शिसं नव्हतं. दोन वजनं तक्त्यावर ठेवली. दांडी एकशे बारावर सरळ राहिली. त्यानं ती उतरवली, पुन्हा चढवली, जागा बदलून चढवली. पंच पाहत होते. मग त्यानं जोडे काढले, टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि स्वतः चढला. सरकतं वजन त्यानं एकशे अठ्ठावीसवर नेलं. दांडी खाली पडून राहिली. एकेक रतल मागे सरकवत तो एकशे एकविसावर आला. दांडी उठली.

"क्या हुआ?" पंचांनी विचारलं.

"काँटा सच्चा है," उखा म्हणाला. "मेरा झूठा. हर गाठ में सात रतल. हमाल ने कुछ नहीं लिया."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कराचीच्या व्यापाऱ्यानं लिहिण्यासाठी दौत पुढे ओढली. शेटजी उठून उभे राहिले होते. बावीस वर्षं ज्याचं वजन त्यांनी न मोजता मानलं, त्या माणसाकडे ते वर-खाली पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत आता तेच होतं जे उखा जगाकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत असायचं.

"उखा," ते हळू आवाजात म्हणाले, "काटा खोटा व्हता, का तू?"

उखा तक्त्यावरून उतरला. जोडे पायात सरकवले, टोपी उचलून झटकली, पण डोक्यावर घातली नाही. गाठींच्या दोन रांगांमधून वाट होती. तिच्यातून तो बाहेर निघून गेला.