वडील नापास

त्या वर्षी एक मे रोजी सकाळी मोठ्या बाईंनी चौथीचा निकाल वाचला. चौथीतली सगळी मुले पास झाली. एक वडील नापास झाले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमची शाळा नागपुरात, लकडगंजच्या मागच्या अंगाला, लाकडाच्या टालांमध्ये, म्हणजे वखारींमध्ये, अडकलेली. पहिली ते चौथी, कौलारू छप्पर, पुढे अंगण. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने त्या शाळेतल्या सर्वांत लहान बाई होत्या. चौथीतली दोन-तीन मुले त्यांच्या खांद्याच्या वर जात. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. त्यांना चढवायची गरज पडत नसे.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि निकालाच्या दिवशी, पालकांना अंगणात उभे करून बाई वरच्या पायरीवरून सूचना वाचत. इतर शाळा असल्या सूचना छापून मुलांच्या हाती देत. बाईंना ते मान्य नव्हते. "अर्ध्या पालकांना वाचता येत नाही आणि उरलेले वाचत नाहीत," त्या म्हणत. "दोघांची सोय ऐकण्यात आहे." चष्मा करायला त्या तयार नव्हत्या, म्हणून कागद हात लांब करून धरत. दुरून पाहणाऱ्याला वाटे, बाई कोणाला तरी तो कागद परत करत आहेत.

सूचना साध्या असत. हरवलेल्या वस्तूंबद्दल एकदा अशी सूचना आली: "शाळेत एक चप्पल सापडली आहे. डाव्या पायाची. दसऱ्यापासून पडून आहे. ज्या घरी मूल इतके दिवस एकाच चपलेने परत येत आहे, तिथल्या कोणीतरी एकदा खाली पाहावे." दिवाळीच्या अभ्यासाबद्दल: "अभ्यास मुलांनी करायचा आहे. मागच्या सुट्टीत चार मुलांचे अक्षर एकाएकी सुंदर झाले आणि शाळा उघडल्यावर पुन्हा बिघडले. त्या चारही आयांचे अभिनंदन." उन्हाळ्याबद्दल दर वर्षी एकच सूचना होती: "लू लागू नये म्हणून मुलांच्या खिशात कांदा ठेवला जातो. मूल घरात ठेवले तर कांदा भाजीला वापरता येतो." आणि पेढ्यांबद्दल: "निकालाच्या दिवशी शिक्षिकांसाठी पेढे आणू नयेत. पेढ्यांनी गुण वाढत नाहीत, शिक्षिका वाढतात." दुसरीच्या बाई तेव्हा शेजारीच उभ्या असत. त्या खाली पाहत.

बाई कधीच नाव घेत नसत. ज्याच्यासाठी सूचना असे त्याला ती कळे आणि बाकीच्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळे. एका वर्षी "शाळेचा माठ कोणी फोडला हे शाळेला माहीत आहे" एवढेच त्या वाचून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाशी तीन नवे माठ होते. बाईंनी तिन्ही ठेवून घेतले.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे लाकूड चिरायची आरामशीन होती. ओंडका चढला की तिचा आवाज शाळाभर भरे. बाई तेव्हा वाक्याच्या मधोमध थांबत. पालक थांबत, मुले थांबत, सगळे अंगण एका सागवानाच्या ओंडक्यासाठी ताटकळत उभे राही. लाकूड चिरून झाले की बाई पुढच्या शब्दापासून सुरू करत. मागचे पुन्हा वाचत नसत. आरामशिनीवरचे मिस्त्री नथ्थूजी. त्यांची मुलगी शकुन चौथीत होती.

शकुन पहिल्या नंबरची विद्यार्थिनी होती. पेपर लवकर सोडवून झाला की ती शेजारच्यांच्या पेन्सिलींना टोक काढून देई. बाईंनी महाल भागातल्या मुलींच्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पाचवीत नाव घालायला शाळा सोडल्याचा दाखला लागे आणि तो पालकाने स्वतः येऊन, सही करून न्यायचा, असा आमच्या शाळेचा नियम होता. नियम बाईंनीच केला होता. त्याआधी दाखले मुलांच्या हाती देत. एक दाखला बकरीने खाल्ला होता.

एप्रिलमध्ये नथ्थूजींनी मुलीकडून निरोप पाठवला, दाखला नको. बाईंनी त्यांना बोलावून घेतले. ते आले, खुर्चीवर बसले नाहीत.

"पोरगी चौथी शिकली, वाचते, हिशेब करते. झालं ना बाई," ते म्हणाले. "घरी लहानगं हाये. तिची माय डाळमिलमध्ये जाते. त्याले कोन पाहीन?"

"तुम्ही विचार करा," बाई म्हणाल्या. "निकालाला या."

निकालाला ते आले नाहीत. कामगार दिन होता. मशीन चालू होती. बाईंनी चौथीची नावे वाचली. शकुनचे नाव आले तेव्हा नेमका ओंडका संपला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शांतता होती. "शकुन, पहिली," बाईंनी वाचले. मग कागदावरची नजर काढून त्या म्हणाल्या, "तिचे वडील नथ्थूजी, नापास. शाळा समोर असून त्यांना पोहोचता आले नाही."

अंगण हसले. रस्त्यापलीकडे मशीन सुरू झाली. बाईंनी सूचनेत नाव घेण्याची ती पहिली वेळ.

पुढच्या आठवड्यात शकुनची आई शाळेत आली. डाळमिलमधून मधल्या सुट्टीत आली असावी. केसांवर तुरीचा भुसा होता. शकुन फाटकाबाहेर उभी होती, कडेवर धाकटा बबन. खोलीत काय बोलणे झाले हे दुसरीच्या बाईंनी ऐकले, कारण त्या तिथेच हजेरीच्या बेरजा करत होत्या.

"दाखला माह्या हाती द्या, बाई. घरी नोका सांगू. मी मागून समजावतो त्यायले."

"नापास जे झालेत, त्यांनी यावं."

"ते नाही येत आता. तुमी साऱ्यायपुढं नाव घेतलं त्यायचं. नसतं घेतलं, तं आले बी असते."

"मग दाखला इथेच राहील," बाई म्हणाल्या.

शकुनची आई मिलमध्ये परत गेली. नियमात "पालक" असे लिहिले होते; आई पालक होत नाही असे त्यात कुठे नव्हते. दुसरीच्या बाईंनी हे बोलून दाखवले नाही. त्यांना पेढ्यांची सूचना आठवत असावी.

सव्वीस जूनला शाळा उघडली. महालातल्या शाळेत पाचवीचे वर्ग भरले. शकुन डब्याच्या सुट्टीत बबनला कडेवर घेऊन आमच्या कुंपणाशी येई आणि चौथीच्या मुलींना विचारी, कोणता धडा चालू आहे. त्यांचा धडा तिचा वर्षापूर्वीच झालेला होता. तरी ती विचारी.

दिवाळीआधी बाईंनी पुन्हा सूचना वाचल्या. शेवटच्या सूचनेचा अंदाज सगळ्यांना होता. त्या दिवशी पालक जरा जास्तच आले होते. बाईंनी "शकुन नथ्थूजी" एवढे म्हटले आणि समोर ओंडका चढला. बाई थांबल्या. तो संपत आला तेव्हा दुसरा चढला. मग तिसरा. नथ्थूजी मान वर न करता लाकूड लोटत होते. बाई कागद लांब धरून उभ्या होत्या. एका पालकाने शेजाऱ्याला विचारले, "आज सारं जंगलच कापून राहिला काय गा हा?" शेवटी मशिनीचा पट्टा घसरला की लाकूड संपले, ते कळले नाही, पण आवाज बंद झाला. बाईंनी पुढच्या शब्दापासून सुरू केले, "हिचा दाखला शाळेत आहे. उंदरांना अजून कळलेले नाही."

हशा मोठा झाला. शकुन कुंपणाशी होती. तिने बबनला दुसऱ्या कडेवर घेतले आणि ती निघून गेली. बाईंनी ते पाहिले. त्यांनी कागदाची घडी केली आणि सुट्टी जाहीर करायची राहून गेली. ती दुसरीच्या बाईंनी केली. त्यानंतर शकुन कुंपणाशी आली नाही.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर, बाई मनीषनगरकडे भाच्याच्या घरी राहायला गेल्या. तिकडे तेव्हा घरे होती आणि रस्ते यायचे होते. "रस्ता झाला की महापालिकेने कळवावे," अशी सूचना त्यांनी सामान उतरवतानाच दिली होती. तिथे एकदा दाखल्याचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "मला त्या माणसाला शाळेत आणायचं होतं. मुलीला आणायचं होतं हे मी विसरले." मग चहा गार होतो आहे याकडे त्यांनी लक्ष वेधले.

पण ते नंतरचे. शकुन घरी बसली त्याच्या पुढच्या वर्षीचा निकालही एक मे रोजीच लागला. बाईंनी पेढ्यांचे वाचले, कांद्याचे वाचले, शाळा उघडण्याची तारीख वाचली आणि "आंबे संपणे हे शाळा सुरू होण्याचे कारण नाही" हेही वाचले. दाखल्याची सूचना आली नाही. पालक निघेनात. बाई आत गेल्या, कपाटातून दाखला आणि टेबलावरचा टाक-दौतीचा डबा घेऊन बाहेर आल्या, पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडले आणि फाटकाबाहेर पडल्या. शाळा पालकांच्या दारी जात नाही, हे त्यांचे वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला पाठ होते.

रस्ता त्यांनी ओलांडला. मशीन चालू होती. नथ्थूजींनी त्यांना पाहिले आणि हातातला ओंडका पूर्ण चिरला. मग दुसरा चढवला. बाई उन्हात उभ्या राहिल्या. पालक फाटकापर्यंत आले होते. मशिनीवरचा दुसरा माणूस म्हणाला, "नथ्थूभाऊ, म्हातारी उन्हात उभी हाये ना गा." नथ्थूजींनी मशीन बंद केली. पुढचे सगळे बोलणे म्हणूनच फाटकापर्यंत ऐकू आले.

"तुमी इथं काहून आल्या?"

"सूचना द्यायला."

"तुमची सूचना तं साऱ्या लकडगंजले ऐकू येते."

"ती सगळ्यांसाठी असते. मी तुमचं नाव घ्यायला नको होतं. माझं चुकलं."

नथ्थूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मानेवरचा भुसा पुसला. "साऱ्यायपुढं नापास केलं मले. वर्षभर टालावरचे पोट्टे मले नापासभाऊ म्हणून राहिले."

"म्हणूनच सगळ्यांपुढे आले."

"अन् आता पास करून राहिल्या काय?"

"नाही. सही बाकी आहे."

मशिनीवरचा दुसरा माणूस हसला आणि कामाला लागल्यासारखे करू लागला. नथ्थूजी दाखल्याकडे पाहत राहिले. "लहानग्याचं काय? तेच तं सांगितलं होतं तुमाले तवा."

"तो माझ्या खोलीत बसेल. शकुन जाताना सोडेल, येताना नेईल."

"तो लय वांड हाये."

"माझ्याकडे सगळ्यांचे वडील येऊन गेलेत," बाई म्हणाल्या. "तो लहान आहे."

नथ्थूजींनी हात पुढे केला. बाईंनी दाखला मागे घेतला. "हात धुऊन या. मी थांबते."

ते पाण्याच्या टाक्यावर गेले, हात धुतले, दुपट्ट्याला पुसले आणि चिरलेल्या फळीवर दाखला ठेवून सही केली. सही करताना ओळीच्या शेवटी जागा कमी पडली. बाईंनी शाई वाळेपर्यंत दाखला उन्हात धरला. शकुनची आई वर्षापूर्वी शाळेत येऊन गेली होती, हे त्या तेव्हा किंवा नंतर बोलल्या नाहीत.

"पाचवीच्या बाई बी अशाच हायेत काय, तुमच्यासारख्या?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या चांगल्या आहेत."

नथ्थूजी हसले की नाही, याबद्दल फाटकावरच्यांत एकमत नाही.

त्या सव्वीस जूनला शकुन महालातल्या शाळेत पाचवीत बसली. बबन मोठ्या बाईंच्या खोलीत, टेबलाखाली बसला. शाळेच्या नियमांतून "पालकाने स्वतः" हे शब्द गेले आणि तिथे "घरातील कोणीही मोठे माणूस" असे आले. नियम बदलल्याची सूचना काढण्यात आली नाही.

दिवाळीआधी बाई पायरीवर आल्या. हरवलेल्या वस्तू झाल्या, सुट्टीतला अभ्यास झाला, चार आयांचे अभिनंदन झाले. मग बाईंनी वाचले, "या सहामाहीत शाळेचा खडूचा खर्च वाढला आहे. लिहिणे वाढलेले नाही. एक विद्यार्थी खडू खातो. त्याला घरून निघताना शेंगदाणे द्यावेत."

नाव घेतले नाही. आरामशीन बंद होती. नथ्थूजी अंगणात, मागच्या रांगेत उभे होते.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा बबनच्या दोन्ही खिशांत शेंगदाणे होते.