न सुधारलेलं भाषण

संसदेत अध्यक्षांच्या आसनाखाली एक लांबट टेबल होतं. त्या टेबलाशी बसून तिने बावीस वर्षं पुढाऱ्यांची भाषणं लघुलिपीत टिपली होती. दहा मिनिटं टिपायचं, दुसरी सोबतीण येऊन बसली की वर जाऊन टंकायचं. पेन्सिली अंबाड्यात खोचायची सवय, म्हणून सगळे तिला पेन्सिलबाई म्हणत.

खरं काम टिपण्याचं नव्हतंच, निस्तरण्याचं होतं. एका छोट्या पक्षाचा म्होरक्या बोलायला उठला की वाक्याचं धड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. आकडे तो हवेतून काढी आणि विषय विसरला की टेबल बडवी. पेन्सिलबाई ते चाळून, निवडून असं काही छापायला देई की वाचणाऱ्यांनी माना डोलवाव्यात. मोठा वक्ता म्हणून त्याचा जो लौकिक होता, त्यातला बारा आणे हिचा. त्याला मात्र हिचं नावही ठाऊक नव्हतं.

तिचे यजमान शाळामास्तर. यंदाच्या निवडणुकीत त्यांना एका मतदान केंद्राचं प्रमुख नेमलं होतं. म्होरक्या निवडून आला, पण मास्तरांच्या केंद्रावर त्याला मतं पडली अवघी अकरा. ती त्याच्या घशाखाली उतरेनात. मतमोजणीच्या दारातच तो गरजला, "मोठ्या पक्षाने पेटी बदलली! आणि बदलणारा हा मास्तर! घ्या लिहून!"

चौकशी लागली. मास्तर निलंबित झाले. शेजारीण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे, "पेट्या आतच ठेवा गं बाई, दिवस वाईट आहेत." मास्तरांनी फिरायला जाणं सोडलं. दिवसाउजेडी पडदा ओढून ते एकच वर्तमानपत्र दोनदा वाचत.

पेन्सिलबाईने टाहो फोडला नाही. दातओठ खाल्ले आणि कामावर गेली.

बहुमत कुणालाच नव्हतं. तीन आठवडे बैठकांचं गुऱ्हाळ चाललं आणि शेवटी म्होरक्या आपले सात खासदार घेऊन त्याच मोठ्या पक्षाच्या वळचणीला गेला. आघाडीचं सरकार आलं, हा मंत्री झाला.

"आता तरी तक्रार मागे घेईल," मास्तर म्हणाले.

"कशाला घेईल? तो विसरलाय तुम्हाला," ती म्हणाली. "मी नाही विसरले त्याला."

त्या दिवसापासून म्होरक्या बोलणार असला की ती सोबतिणींकडून पाळी मागून घेऊ लागली. "एवढं काय आवडतं गं त्याच्यात?" त्या हसत. तीही हसे.

विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्या वकिलाने काडी टाकली. "काय मंत्रिमहाराज, परवा यांनी तुमची पेटी चोरली म्हणत होतात, आज यांच्याच मांडीवर?"

हशा पिकला. म्होरक्याचा तोल गेला. "अहो, कसली पेटी घेऊन बसलात! कुणी बदलली नव्हती पेटी. मला काय ठाऊक नव्हतं? तो मास्तर म्हणजे गरीब गाय. निवडणुकीत बोलावं लागतं काहीतरी. बोललो!"

पेन्सिलबाईने शब्द न् शब्द टिपला. वर जाऊन तिने सगळं होतं तसं टंकलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच काही म्हणता काही सुधारलं नाही.

रिवाजाप्रमाणे प्रत तपासायला मंत्र्याकडे गेली आणि त्या चार ओळींवर लाल काट मारून परत आली. लघुलेखन विभागाचे प्रमुख घाम पुसत म्हणाले, "बाई, गाळून टाका. नवं सरकार आहे, सात खुर्च्यांवर उभं आहे."

"साहेब, तुम्हीच शिकवलंत मला. शब्द सुधारता येतो, बोललेलं पुसता येत नाही."

"मास्तर तुमचे यजमान आहेत, माहितीये मला. उद्या कुणी म्हणेल, बाईने सूड घेतला."

"म्हणू देत. खोटं कुठे आहे? पण वाक्यं त्याची आहेत. अख्ख्या सभागृहाने ऐकलीत. विचारा त्या वकिलांना."

वकिलांचं नाव निघताच प्रमुखांनी मुकाट्याने सही केली.

छापील प्रत बाहेर पडली आणि मास्तरांची चौकशी आठवड्यात गुंडाळली गेली. तक्रारदारच भर सभागृहात फिरल्यावर चौकशी करायची कसली? मास्तर शाळेत रुजू झाले. म्हणाले, "झालं ना आता? सोड त्याला."

"तुम्ही सोडा. तुमचा स्वभाव आहे तो."

मंत्र्याला कुणी हात लावला नाही. सात खासदार म्हणजे सरकारचा प्राण, त्याला कोण काढणार? सोबतिणी हळहळल्या, "सुटला गं मेला!"

"सुटतोय कुठे? रोज बोलायला उठतो ना?"

आणि तो उठे. ती पाळी मागून घेई आणि त्याचं धड, शेपूट, हवेतले आकडे सगळं जसंच्या तसं छापायला धाडी. अधिवेशन संपेतो वर्तमानपत्रांना रोजचा विनोद फुकट मिळत राहिला. प्रती तपासायला येत, पण वाक्य नीट करणं त्याला कधी जमलंच नव्हतं. म्होरक्याला कळेना, आपल्या वाणीला झालं तरी काय.

त्या वर्षी आघाडी दोनदा मोडता मोडता वाचली. दोन्ही वेळा पेन्सिलबाईच्या जिवात जीव नव्हता. सरकार पूर्ण पाच वर्षं टिकावं, असं त्या इमारतीत मनापासून वाटणारी बहुधा ती एकटीच होती.