पुढं कोण? मागं कोण?

"पुढं कोण? मागं कोण?"

दोनच माणसं चालायला निघाली तरी बाई हे विचारायच्या. उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरून. उत्तराची वाट कधी बघितली नाही. पुढं त्या, मागं राहिलेलं सगळं जग.

बाई गावाकडं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रन होत्या. साठ पोरी ओळीनं देवळात उपासनेला न्यायच्या आणि साठच्या साठ ओळीनं परत आणायच्या, हे त्यांचं काम. पुढं नोकरी संपली, नवरा गेला, मुलानं इकडं परदेशात, टार्निटला आणून ठेवलं. सगळं सुटलं, ओळ सुटली नाही.

आमच्या मंडळीत येणाऱ्यांनी हे पाहिलंच असेल. महिन्यातून एकदा शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन आपली मराठी उपासना होते. प्रभुभोजनासाठी पुढे या, हे पाळकसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाई उभ्या. पहिल्या. नंतर चहालाही पहिल्या. चुकून कोणी आधी गेलंच, तर त्याच्या पाठीत बोट टोचायच्या. "भाऊ, ओळ इथून सुरू होते." म्हणजे त्यांच्यापासून.

नाताळच्या अंकासाठी बाईंवर चार शब्द लिहा, असं मला सांगितलंय. मी सातवी नापास माणूस. एसटीच्या डेपोत टायर काढण्या-घालण्यात जन्म गेला. गोड लिहिता येत नाही. ममताळू, सेवाभावी वगैरे इतरांनी लिहावं. मला बाईंचा राग होता. अजून आहे. देवाचाही आहे, पण अंक देवावर नाही.

राग कशाचा, ते आधी सांगतो.

माझ्या बायकोला यार्देन नदी बघायची होती, प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती. लहानपणी तिच्या गावच्या संडेस्कूलच्या भिंतीवर यार्देनचं चित्र होतं. निळंशार पाणी. लग्न झालं तेव्हापासून ऐकत आलो, "एकदा त्यात पाय बुडवायचाय." मी म्हणायचो, आधी आपल्या नळाला पाणी येऊ दे. मग इथं आलो, आणि मंडळीतून यरुशलेमला ग्रुप निघाला. बायकोनं आणि बाईंनी नावं दिली. दोघींची घट्ट मैत्री. मॉलमध्ये जाऊन एकसारखे पांढरे बूट आणले, तिकडच्या दगडांवर चालायला.

तेवढ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई आमच्या घरी आल्या. माझ्या बायकोचा हात हातात घेतला. "तू थांब. माझा गुडघा होऊ दे. पुढच्या वर्षी जोडीनं जाऊ."

बायको म्हणाली, "बरं."

तिनं जन्मभर सगळ्यांना बरंच म्हटलं. मलासुद्धा. मी समोर बसून चहा पीत होतो. मी काही बोललो नाही. तेही इथं लिहून ठेवतो.

ग्रुप गेला, आला. परत आलेल्यांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, फोटो दाखवले. बायकोनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी दोघींनी पुन्हा नावं दिली, आणि तिकडं लढाई पेटली. सहल रद्द. मग जानेवारीत, इकडच्या ऐन उन्हाळ्यात, अंग भाजणाऱ्या दिवशी, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना बायको पडली. मी पोचलो तेव्हा मुठीत दोन चिमटे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे.

पांढऱ्या बुटांचा खोका गॅरेजमध्ये तसाच राहिला.

मे महिन्यात एका शनिवारी सकाळी बाई दारात उभ्या. पायात त्यांचे पांढरे बूट, डोक्याला स्कार्फ, हातात रद्द झालेल्या सहलीचा छापील कागद.

"सलाम भाऊ. तिचे बूट घ्या, निघू या."

"कुठं?"

"यरुशलेमला. दिवस चौथा. एका दिवसात होईल तेवढं करू."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गुडघा ठिकाणावर आहे. बस अकरा मिनिटांत आहे."

सूनबाई आतून म्हणाली, "जा ना पप्पा, तेवढंच आउटिंग होईल." तिला वाटलं दोन म्हातारी माणसं बागेत निघालीत. मी का गेलो? शनिवारी आमच्याकडं धुण्याचं मशीन लागतं. तो आवाज मला ऐकवत नाही. म्हणून गेलो, तोंडातल्या तोंडात शिव्या देत.

दारातच दोन बोटं वर. "पुढं कोण? मागं कोण?" मी बुटांची पिशवी घेऊन मागं.

पहिलं बेथलेहेम. ते आमच्या शॉपिंग सेंटरमधल्या व्हिएतनामी बाईच्या बेकरीत होतं. "बेथलेहेमचा अर्थ भाकरीचं घर," बाईंनी सांगितलं, आणि रांग सोडून सरळ काउंटरवर गेल्या. पुढं अंगभर सिमेंट उडालेला एक गोरा मजूर उभा होता. बाईंनी त्याच्या पाठीत बोट टोचलं. मी डोळे मिटले. तो वळला, बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "नो वरीज, लव्ह." बाईंनी एक गरम पाव घेतला, मोडून अर्धा मला दिला. मी खाल्ला नाही. त्यांनी माझाही खाल्ला.

मग जैतुनाचा डोंगर. टार्निटमध्ये डोंगर कुठला? पण राउंडअबाउटच्या पलीकडं नव्या घरांपुढं ओळीनं जैतुनाची झाडं लावलीत. कोणी फळं काढत नाही, खाली पडून फुटपाथ काळा होतो. बाईंनी एक फळ उचललं, स्कार्फला पुसलं, तोंडात टाकलं. चेहरा असा झाला की मला वाटलं गेल्या. मलाही एक दिलं. विषासारखं कडू. मी थुंकलो.

"प्रभूनं प्रार्थना केली त्या गेथशेमानेच्या बागेत थुंकता?"

"मग तुम्ही गिळून दाखवा."

गिळलं की हो बाईंनी! डोळ्यांत पाणी, पण गिळलं. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. चूक झाली हे कळतं, पण तोंडातून बाहेर काढणार नाहीत.

तिथून बसनं वेरिबीला, नदीवर. यार्देन. मातकट, दुधाळ चहासारखं पाणी, काठाला मोठी गमची, म्हणजे आपल्या निलगिरीची झाडं, चार बदकं. चित्रातलं निळं काही नव्हतं. बाई काठावर उभ्या राहून कागद बघत म्हणाल्या, "इथं पाणी लावायचं." मी पिशवीतला खोका उघडला. बुटांना अजून दुकानाचा वास होता, आत कागदाचे बोळे. मी ते काढून खिशात घातले. वाकून एकेक बूट पाण्यात धरला. उजव्यात पाणी भरलं, जड झाला. पायच असल्यासारखा जड. मी बराच वेळ वाकलेला होतो. बाईंनी पहिल्यांदाच घाई केली नाही. एक मुलगी कुत्रं घेऊन चालली होती, तिनं विचारलं, "यू ओके मेट?" मी म्हटलं, नो. ती गेली.

मला वाटलं आता घरी. पण बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "एक राहिलं. बेथेस्दाचं तळं."

ते तळं म्हणजे कौन्सिलच्या स्विमिंग सेंटरमधला गरम पाण्याचा पूल. ऑपरेशननंतर बाई दर मंगळवारी तिथं गुडघ्याचा व्यायाम करायच्या आणि माझी बायको त्यांना हाताला धरून उतरवायची. तिला पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती होती. तरी पंजाबी ड्रेस घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, बाईंचा हात धरून. मी बाहेर बाकावर बसून डब्यातलं खायचो.

बाई कपडे बदलून आल्या. लेगिंग, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, मेट्रनचा चेहरा. दांडा धरून एकेक पायरी उतरल्या. मी काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर ओल्या बुटांची पिशवी.

"गोष्ट ठाऊक आहे ना?" बाई पाण्यातून म्हणाल्या.

"ठाऊक आहे. एक आजारी माणूस अडतीस वर्षं तळ्याकाठी पडून. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा. याला उतरवायला कोणी नाही, दरवेळी दुसराच कोणी आधी उतरतो."

"तो दुसरा कोण?"

"मला काय ठाऊक? शास्त्रात नाव नाही त्याचं."

"नाही. बोर्डिंगमध्ये ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. पोरींना म्हणायचे, त्या आजाऱ्यासारखा धीर धरा. त्या दुसऱ्याचा विचार कधी केला नाही." बाईंनी दांडा घट्ट धरला होता. "भाऊ, गुडघा खोटा नव्हता. दुखतच होता. पण ती एकटी गेली असती म्हणून काही जास्त दुखला नसता. ती माझ्या आधी जाऊन येणार, मंडळीत उभी राहून साक्ष देणार, आणि मी खाली बसून ऐकायचं. ते मला सोसलं नसतं. म्हणून थांबवलं तिला."

पाण्यात दोन गोऱ्या म्हाताऱ्या फोमच्या काठ्या धरून चालत होत्या. गाणं लागलं होतं.

मी विचारलं, "तिनं तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही. म्हणून तर सांगतेय."

"तिला ठाऊक होतं हे?"

"मी बोलले नाही कधी. पण ती खुळी नव्हती."

खुळी नव्हती. बरोबर. तिला कळलं असणार. आणि तरी ती दर मंगळवारी त्या पाण्यात उतरली, पाण्याला भिणारी बाई. माझ्या डोक्यात काय झालं ते नीट सांगता येत नाही. एखाद्या चाकाचे नट पुरते गंजून बसावेत, पाना लावला की हात सोलावा, तसं काहीतरी. बाईंवर संताप होताच. पण ते "बरं" म्हणणाऱ्या बायकोवर, आणि चहा पीत बसलेल्या माझ्यावरही होता, आणि तो कुठं काढावा कळेना.

बाईंनी हात पुढं केला. "आता मला वर घ्या. चढताना हात लागतो."

मी पिशवी उचलली आणि चालायला लागलो.

"अहो भाऊ! हात!"

मी वळलो नाही. दारातून बाहेर पडलो, समोर बस उभी होती, चढलो. घरी येऊन ओले बूट गॅरेजमध्ये ठेवले. संध्याकाळी बाईंच्या मुलाचा फोन. स्विमिंग सेंटरमधल्या पोरीनं बाईंना वर काढलं होतं आणि त्याला बोलावून घेतलं होतं.

"अंकल, तुम्ही आईला पाण्यात सोडून आलात?"

"हो."

"धिस इज अनबिलिव्हेबल."

"हो," मी म्हटलं. त्यावरही हो.

पुढच्या उपासनेला मी गेलो. प्रभुभोजनासाठी पुढे या, पाळकसाहेब म्हणाले. बाई नेहमीसारख्या आधी उठल्या, ओळीच्या तोंडाशी गेल्या, आणि थांबल्या. मी मागून येत होतो. त्या बाजूला सरकल्या.

"तुम्ही व्हा पुढं, भाऊ."

सगळा हॉल बघत होता. मंडळीत असं आजवर झालं नव्हतं. मी पुढं झालो. मागं त्यांचा श्वास ऐकू येत होता, गुडघ्याची कटकट ऐकू येत होती. भावाशी बिनसलं असेल तर आधी समेट कर, मग वेदीपाशी ये, हे सातवी नापासालाही ठाऊक असतं. मी भाकर खाल्ली, प्याला घेतला, जागेवर येऊन बसलो. मागं पाहिलं नाही.

त्याच थंडीत, इकडं ती जुलैत असते, बाईंच्या मुलाला ॲडलेडला नोकरी लागली. तिथल्या मॉसन लेक्सला घर घेतलं आणि बाईंना घेऊन गेला. त्यांना विचारलं की नाही, ठाऊक नाही. म्हाताऱ्यांना कोण विचारतं? निघायच्या दिवशी गाडी आमच्या घरावरून गेली. मी पडद्यामागं होतो. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पट्टा लावून, ताठ. दोन महिन्यांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये निरोप आला की बाई प्रभूकडं गेल्या. सगळ्यांनी जोडलेले हात टाकले. मी काहीच टाकलं नाही. नातू म्हणाला, "आजोबा, यू शुड से समथिंग." त्याला काय सांगू? एक हात द्यायचा होता, तेवढाच. तो फोनवरून जात नाही.

राग गेला का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. नाही गेला. त्यांनी तिला थांबवलं नसतं तर तिनं ते पाणी पाहिलं असतं. हे कुठल्याच प्रार्थनेनं बदलत नाही.

पण आता प्रभुभोजनाला मी सगळ्यात आधी उठतो आणि टेबलापासून दोन माणसांची जागा सोडून उभा राहतो. बायको पुढं, बाई मागं. बाईंना चालत नसेल तर नसो. पाळकसाहेब भाकर हातात घेऊन माझ्याकडं बघत राहतात. मागची तरणी पोरं म्हणतात, "अंकल, मूव्ह अप ना, जागा आहे."

मी सरकत नाही.

"पुढं दोघी आहेत," म्हणतो.