नव्या दवाखान्याची सिरिंज

बैहरहून आमची बालाघाटला बदली झाली तेव्हा यांना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी इन्सुलिन मीच टोचायची. बैहरच्या डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं होतं. काचेची सिरिंज उकळायची, औषध ठरल्या रेघेपर्यंत ओढायचं, मांडीत टोचायचं. सण असो, मला ताप असो, सुटका नव्हती. माहेरी राहायला जाणं तर मी विसरूनच गेले होते.

बालाघाटला नवा दवाखाना धरला. तिथल्या कंपाउंडरने बाटली दिली, मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार. नेहमीच्या रेघेपर्यंत औषध भरलं, टोचलं आणि धुण्याला लागले.

परत आले तर हे ओसरीवर बसलेले, सदरा घामानं भिजलेला.

"एवढी मानसं काहून जमवली तू?"

घरात आम्ही दोघंच होतो. साखर एकदम उतरली, हे मी ओळखलं. गुळाचं पाणी कालवून तोंडाशी धरलं.

"आधी हे प्या."

"मले नाई पाह्यजे."

"प्या म्हंते ना!"

अर्धं सांडलं, अर्धं पोटात गेलं. हळूहळू नजर ठिकाणावर आली. "मले काय झालतं?" त्यांनी विचारलं.

बाटली आणि सिरिंज घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोन्ही उजेडात धरून पाहिलं. "ये दवा दुगुनी तेज है. इसकी सिरिंज अलग आती है. किसी ने बताया नहीं?"

"नाई," मी म्हटलं. कंपाउंडर दुसरीकडे पाहू लागला. डॉक्टरांनी कपाटातून नवी सिरिंज काढली आणि पाणी भरून नवी रेघ दाखवली. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं. मला तिथंच बाकावर आडवं व्हावंसं वाटलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्यापासून मीच टोचून घेतो."

"जमन तुमाले?"

"तुले जमलं ना?"

पहिल्या दिवशी त्यांनी सुई मांडीपाशी नेऊन दोनदा मागे घेतली, तेव्हा मी तोंड फिरवलं. पण टोचलं त्यांनी. पुढे सवय झाली. मात्र ती बारीक रेघ त्यांना चष्म्यातूनही दिसत नसे. भरलेली सिरिंज घेऊन ते रोज चुलीपाशी यायचे आणि मी पीठ लागलेले हात पुसत उठायची.