न झालेला घटस्फोट

ज्योतीराम मूळचा भूम तालुक्यातला. चाकणच्या एका कंपनीत वेल्डर, राहायला रहाटणीत. "माझा घटस्फोट झालाय," असं तो दोन वर्षं सांगत आला होता. कुणी खोलात शिरलंच तर म्हणायचा, "तिलाच नांदायचं नव्हतं."

थोरल्या बहिणीनं, कुसुमताईनं, देहूत स्थळ काढलं. सृष्टी, पतसंस्थेत कारकून, नवरा अपघातात गेलेला. चहापोहे झाल्यावर तिचे वडील धर्माजी म्हणाले, "पाव्हणं, राग धरू नका. कोर्टाचा कागुद तेवढा दाखवा."

कुसुमताईनं तो आणलाच होता. निकाल इंग्रजीत होता. सृष्टीनं वाचला, एक पान मागं जाऊन पुन्हा वाचला.

"हा घटस्फोट नाही. कोर्टानं फक्त वेगळं राहायला परवानगी दिलीय. लग्न अजून तसंच आहे."

"म्हंजी बायकू हाय व्हय यांना?" धर्माजी उठून उभे राहिले.

"आणि अर्ज बायकोचा होता," सृष्टी ज्योतीरामकडे बघत म्हणाली. "कारण लिहिलंय. वाचू?"

"नको."

कारण त्याला पाठ होतं. त्यानं तिसऱ्यांदा मारलं तेव्हा बायकोच्या, दिव्याच्या, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. 'याला घटस्फोट समजू नका,' असं तेव्हाच्या वकिलानं बजावलं होतं. पण खाली मान घालून कोर्टाबाहेर पडायच्या घाईत त्यानं ते कानाआड केलं, आणि निकाल पुन्हा कधी उघडलाच नाही.

परतताना रिक्षात कुसुमताई म्हणाली, "तिनंच खोटंनाटं लिहून घेतलं असंल." तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची लाज त्याला धर्माजींच्या ओसरीवरच्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

पिंपरीतल्या वकीलबाईंनी विचारलं, "निकालानंतर एकदा तरी एकत्र नांदलात?"

"नाही."

"मग वर्ष उलटून गेल्यावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. पण अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. निकालाची शिक्क्याची नक्कल आणि लग्नाचा दाखला आणा. प्रतिज्ञापत्र मी करते. तसंच दुसरं लग्न केलं असतंत, तर गुन्हा झाला असता."

नोटीस मिळाल्यावर दिव्या तारखेला मोशीहून एकटीच आली. आपली हरकत नाही, असं तिनं सांगितलं. बाहेर व्हरांड्यात तो तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "सगळ्यांना मी तुझाच दोष सांगितला."

"काय?" तिनं उजवा कान पुढं केला.

बाकावरची माणसं बघायला लागली. त्याला तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. "सगळ्यांना मी तुझाच दोष सांगितला. तो तुझा नव्हता. मी मारत होतो, हे मी कुणालाच सांगितलं नाही."

"मला माहितेय," दिव्या म्हणाली. "तुमच्या ताईंनी माझ्या आईला फोन करून काय काय ऐकवलं होतं." आणि ती जिन्याकडे गेली.

चार महिन्यांनी निकाल लागला. देहूचं स्थळ केव्हाच मोडलं होतं. या वेळी वकीलबाईंकडून निकाल ओळीनं समजून घेऊन तो कुसुमताईच्या घरी गेला. ती भाकरी थापत होती. त्यानं उंबऱ्यातच बसून कानाचं, दवाखान्याचं सगळं सांगितलं.

भाकरी तव्यावर करपली तरी ताईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तिच्या आईचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

त्यानं मान वर न करता फोन तिच्यापुढं सरकवला.