अनंताशेजारी न खणलेला खड्डा

दिघीतल्या आपल्या एका गुंठ्यातल्या घरी विजेच्या मोटारीसाठी चार्जर बसवायचा, हे ठरले त्या दिवसापासून ज्योतीरामांच्या मुखावर निवृत्तीनंतर प्रथमच कामाचे तेज दिसू लागले. लातूरकडून ऐन तारुण्यात आलेल्या या गृहस्थांनी चाकणच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे विजेच्या देखभालीचे काम निष्ठेने केले होते. त्यांची कन्या विजयश्री आता त्याच पट्ट्यात नोकरीस होती आणि तिने घेतलेली गाडी गुरुवारी घरी यायची होती. चार्जर बसवणारेही त्याच दिवशी येणार होते. घराचे अर्थिंग त्यांच्या मीटरवर समाधानकारक उतरले नाही, तर ते चार्जर न बसवताच परत जाणार होते.

यंत्रात कोठे दोष उद्भवून वीज भलत्या वाटेला लागली, तर तिला मुकाट्याने उदरात घेणारी अखेर भूमीच. पूर्वजांनी तिला सर्वंसहा म्हटले ते किती यथार्थ! ज्योतीरामांनी ग्रंथ वाचले नव्हते. तथापि अर्थिंगच्या खड्ड्यात पहिली कुदळ घालण्यापूर्वी ते चपला काढून ठेवीत आणि मातीला लावलेला हात कपाळी नेत. कारखान्यातले तरुण प्रारंभी हसले. पुढे त्यांतलेच काही तसे करू लागले.

वीजभार वाढवून घेण्याची मंजुरी त्यांनी महिन्यापूर्वीच मिळवली होती. वहीत आराखडा सिद्ध होता: पुढच्या भिंतीवर चार्जर, तेथवर येणाऱ्या तारेचा मार्ग, आणि फाटकालगत आठ फूट खोल खड्डा. कारखान्याच्या रीतीप्रमाणे त्या खड्ड्यासाठी पत्र्याची एक पाटीही त्यांनी हिरव्या रंगात रंगवून ठेवली होती. तिच्यावर क्रमांक, मोजमाप, तारीख आणि ‘जबाबदार व्यक्ती’ असे चार रकाने होते. फाटकातून येणाऱ्याची दृष्टी प्रथम त्या पाटीवर पडावी, एवढीच त्यांची हौस.

परंतु फाटकालगतच्या त्या मातीत त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंचा अनंत उभा होता. अठरा वर्षांपूर्वी, हे घर पत्र्याचे असताना, त्याची फांदी त्यांनी माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणली होती. आता माहेरी ते मूळ झाडही उरले नव्हते.

मंगळवारी सकाळी त्या परडी घेऊन फुले काढायला आल्या, तो बुंध्याशी कोळशाचे एक आणि जाड्या मिठाची दोन पोती.

“दारात लोणचं घालायलात का काय?”

“अर्थिंगला आणलंय. एक थर कोळशाचा, एक मिठाचा,” ज्योतीराम म्हणाले. “झाडाला धक्का नाही. खड्डा दोन फूट अलीकडं घेतलाय.”

“दोन फूट! मुळ्या काय तुमची वही बघून वाढत्यात?”

डबा भरून निघालेली विजयश्री दारातच थबकली. “बाबा, मिठानं झाड जळेल हो.”

“अगं, कंपनीत आम्ही कायम...”

“कंपनीत एक तरी अनंत व्हता का?” कौशल्याबाईंनी विचारले.

एकतीस वर्षांत ज्योतीरामांनी शेकडो खड्डे भरले होते. पण ते सारे मुरमाड, उघड्या आवारात. शेजारी काही जिवंत असेल, हा विचार त्या आराखड्यांत कधी आलाच नव्हता.

“ओल लागते गं,” ते किंचित खालच्या स्वरात म्हणाले. “तू रोज पाणी घालतेस, म्हणून ही जागा.”

“मग मागं धुण्याच्या दगडापाशी खणा की. वैशाखात बी तिथं पाय रुततो.”

“तिथून चार्जरपर्यंत अर्थिंगची बावीस फूट पट्टी न्यावी लागंल.”

“कंपनीत दोनशे फूट नेली म्हणून सांगत व्हतात. घरची बावीस जड झाली?”

विजयश्री हसत हसत बससाठी धावली. अडचण पट्टीची नव्हतीच, हे ज्योतीरामांना पुरते ठाऊक होते. मागच्या बाजूला ती पाटी कोण पाहणार? त्यांनी एकदा अनंताकडे पाहिले. मग त्यांनी मिठाचे पहिले पोते उचलून घरामागे नेले.

तिथे चपला काढल्या, हात कपाळी लावला. दोन मजूर खणू लागले आणि दुसऱ्याच फुटाला काळी माती कुदळीला लोण्यासारखी चिकटू लागली. ज्योतीरामांनी ती मुठीत दाबून पाहिली आणि कौशल्याबाईंना दाखवली.

गुरुवारी रणजीत नावाचा तरुण फिटर मीटर घेऊन आला. काटा पाहून त्याने भुवया उंचावल्या. “काका, एक पॉइंट चार ओहम! इतकं कमी कुठंच येत नाही. कुणाचं काम म्हणायचं हे?”

“हिचं.”

“मी नुसती धुणी धुतली, बाबा,” कौशल्याबाई म्हणाल्या.

तासाभरात चार्जर बसला. सायंकाळी गाडी आली आणि पुढच्या भिंतीशी, अनंताच्या सावलीत, निवांत वीज घेत उभी राहिली. ज्योतीराम मात्र घरामागे ब्रश घेऊन बसले होते. पाटीवर तारीख घातली, मोजमाप घातले. शेवटच्या रकान्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले: कौशल्याबाई.

आता ती पाटी दगडावर धुणे घासणाऱ्या माणसाच्या अगदी डोळ्यांसमोर येते. इतर कोणास ती दिसत नाही, आणि ज्योतीरामांची त्याविषयी काही तक्रार नाही.